शस्त्रे विकणाऱ्यांचे उत्तरदायित्व आणि पॅलेस्टाईन

मे २०२४ मध्ये स्पेनच्या सरकारने 'मारियान डॅनिका' या मालवाहू जहाजाला कार्ताहेना बंदरात थांबण्याची परवानगी नाकारली. जहाजावर सुमारे २७ टन स्फोटके होती. ते चेन्नईहून निघाले होते आणि इस्रायलमधील हैफा बंदराकडे चालले होते. मध्यपूर्वेला अधिक शस्त्रांची नव्हे, तर शांततेची गरज आहे, असे स्पेनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यावेळी स्पष्ट केले. आपल्यापैकी अनेकांच्या नजरेतून ही लहानशी बातमी निसटली असेल.

हैफापासून फार दूर नसलेल्या इबिलीन या गावी १८४६ साली मरियम बवार्दी ही मुलगी जन्मली. पुढे ती कार्मेल मठात दाखल झाली, १८७० साली समुद्रमार्गे आपल्या मंगळूरला आली आणि १८७१ मध्ये तिने तेथेच व्रतग्रहण केले. बेथलेहेमचा कार्मेल मठही तिच्याच पुढाकाराने उभा राहिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली तिला संतपद बहाल केले. ज्या भूमीने आपल्याला ही धर्मभगिनी दिली, त्या भूमीकडे आपल्या किनाऱ्यावरून आज काय पाठवले जाते, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही.

गाझा शहरात एकच कॅथलिक धर्मग्राम आहे, पवित्र कुटुंबाचे. ऑक्टोबर २०२३ पासून शेकडो लोकांनी त्या चर्चच्या आवारात आसरा घेतला. पोप फ्रान्सिस आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तेथे दूरध्वनी करून लोकांची विचारपूस करीत असत. १७ जुलै २०२५ रोजी इस्रायली तोफगोळा त्या चर्चवर आदळला. तिघांचा मृत्यू झाला आणि धर्मगुरूही जखमी झाले. ही चूक होती, असे इस्रायलने सांगितले. तसे मानले तरी तो गोळा कोणी बनवला, कोणी विकला आणि विक्रीच्या परवान्यावर कोणी सही केली, हे प्रश्न उरतातच.

पॅलेस्टिनी हक्कांसाठी चाललेली मोहीम गेल्या काही वर्षांत नेमकी याच प्रश्नांकडे वळली आहे. पॅलेस्टाईनमधील ख्रिस्ती बांधवांनी डिसेंबर २००९ मध्ये बेथलेहेम येथून 'कैरोस पॅलेस्टाईन' हे निवेदन प्रसिद्ध केले. जेरुसलेमचे निवृत्त लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल सब्बाह हे त्याच्या कर्त्यांपैकी एक. अन्यायाचा प्रतिकार प्रेमाच्या मार्गाने करावा, तसेच जगाने कब्जाशी निगडित उद्योगांतून आपला पैसा काढून घ्यावा, असे त्यात म्हटले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅलेस्टिनी कामगार संघटनांनी जगभरच्या कामगारांना आणखी थेट आवाहन केले : इस्रायलसाठी शस्त्रे बनवू नका आणि वाहून नेऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातील प्रमुख बंदरांतील कामगारांच्या एका महासंघाने, तर जून २०२५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय-फोसच्या गोदी कामगारांनी असा माल हाताळण्यास नकार दिला.

या मोहिमेतील सर्वांत बोलका खटला नेदरलँड्समधला आहे. त्या देशातील वून्सड्रेख्ट येथे एफ-३५ लढाऊ विमानांच्या सुट्या भागांचे युरोपातील कोठार आहे. तेथून इस्रायलला होणारी निर्यात थांबवावी, म्हणून तीन संस्था न्यायालयात गेल्या. त्यांपैकी 'पॅक्स' या संस्थेची मुळे 'पॅक्स क्रिस्ती' या कॅथलिक शांतता चळवळीत आहेत. पहिल्या न्यायालयात त्या हरल्या. मात्र १२ फेब्रुवारी २०२४ रोजी हेग येथील अपील न्यायालयाने, हे भाग मानवतावादी कायद्याच्या गंभीर उल्लंघनात वापरले जाण्याचा स्पष्ट धोका असल्याचे सांगून निर्यात सात दिवसांत थांबवण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने म्हटले की हा धोका जोखणे हे न्यायाधीशांचे नव्हे, सरकारचे काम आहे, परंतु सरकारने ते सहा आठवड्यांत नव्याने करावे आणि तोवर बंदी कायम राहावी. निकाल अर्धामुर्धा वाटतो खरा. तरीही सरकारला आपल्या परवान्याचा हिशेब द्यावा लागला, हे थोडे नाही.

ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे ३५० पैकी ३० परवाने स्थगित केले, पण एफ-३५ च्या सामायिक साठ्यात जाणारे भाग वगळले. जर्मनीने ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात वापरता येतील अशा शस्त्रांची निर्यात रोखली आणि युद्धविरामानंतर, नोव्हेंबरमध्ये, ती बंदी उठवली. स्पेनने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदीला कायद्याचे रूप दिले. तथापि २०२० ते २०२४ या काळात इस्रायलने आयात केलेल्या मोठ्या शस्त्रांपैकी सुमारे ६६ टक्के अमेरिकेची आणि ३३ टक्के जर्मनीची होती, असे स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संशोधन संस्थेची आकडेवारी सांगते. वॉशिंग्टन हलत नाही तोवर युद्धसामग्रीचा मोठा ओघ आटणार नाही, हे मोहिमेतील लोकांनीही मान्य केले पाहिजे.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० लोकांची हत्या केली आणि २५१ जणांना ओलीस नेले, हे विसरून कोणी या मोहिमेत उतरू नये. ज्यूद्वेषाचा धिक्कार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच केला आहे. स्वसंरक्षणाचा अधिकारही कोणी नाकारत नाही. शस्त्रव्यापार करार, जो २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमलात आला, राष्ट्राचे नाव पाहत नाही. विकलेल्या शस्त्राने नागरिकांवर गंभीर अत्याचार होतील काय, एवढेच तो विचारतो. हमासला शस्त्रे पुरवणाऱ्या इराणलाही हीच कसोटी लागू व्हावी. आपण विकले नाही तर दुसरा विकेल, हा युक्तिवाद कॅथलिक नीतिशास्त्रात टिकत नाही. शस्त्रांच्या निर्मितीचे व विक्रीचे नियमन करणे हा राज्यसत्तेचा अधिकार तर आहेच, परंतु ते तिचे कर्तव्यही आहे, असे आपली धर्मशिकवण सांगते.

भारताने १९८८ साली पॅलेस्टाईनला मान्यता दिली. तोच भारत २०२० ते २०२४ या काळात इस्रायली शस्त्रांचा सर्वांत मोठा ग्राहक होता, आणि चेन्नईच्या जहाजाने दाखवल्याप्रमाणे आपण पुरवठादारही आहोत. इस्रायलला शस्त्रे धाडणाऱ्या भारतीय कंपन्यांचे परवाने रद्द करावेत, यासाठी काही निवृत्त अधिकारी, अभ्यासक व कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ९ सप्टेंबर २०२४ रोजी ती फेटाळली गेली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे, शिवाय परवाने थांबवल्यास कंपन्यांवर करारभंगाचे दावे होऊ शकतात, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या चौकटीत ते समजण्यासारखे आहे. पण करारभंगाची भरपाई पैशाने होते. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या गणतीनुसार २०२५ अखेर मृतांचा आकडा ७०,००० च्या पुढे गेला होता.

प्रश्न सरकारचा आहे असे न्यायालय म्हणत असेल, तर तो सरकारला विचारायला हवा, आणि लोकशाहीत त्याची जागा संसद आहे. ब्रिटनमध्ये शस्त्रनिर्यात परवान्यांची आकडेवारी दर तिमाहीस प्रसिद्ध होते, म्हणूनच तेथील नागरिक न्यायालयात नेमके बोट ठेवू शकले. भारताने शस्त्रव्यापार करारावरील २०१३ च्या मतदानात भाग घेऊनही तटस्थ राहणे पसंत केले आणि करारात तो सामील झालेला नाही. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना धर्मग्रामातील मंडळींनी एक पत्र लिहावे : इस्रायलसाठी कोणत्या शस्त्रांचे, किती परवाने दिले गेले, हे त्यांनी लोकसभेत विचारावे.