सात हिवाळे गोठून काढणारा सुरवंट

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंट दिसले, की आपण पोराबाळांना लांब ठेवतो. अंगाला लागले तर खाज सुटते. आपल्याकडच्या बहुतेक सुरवंटांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पतंग होतात. पण केसाळ सुरवंटांतच एक असा आहे, की त्याला पतंग व्हायला सात वर्षे लागतात!

कॅनडाच्या अगदी उत्तरेचे एल्समिअर बेट आणि शेजारचे ग्रीनलंड हा याचा मुलूख. तेथे उंच झाडे नाहीत. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या भाऊबंदांपैकी आर्क्टिक विलो नावाचे झुडूप जमिनीलगत पसरते. तोच याचा मुख्य चारा. जूनमध्ये बर्फ वितळले, की सुरवंट जागा होतो आणि कोवळी पाने कुरतडतो. मात्र पाल्यापेक्षा तो ऊनच जास्त खातो! दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ उन्हात पडून असतो. अंग तापल्याशिवाय खाल्लेले पचत नाही.

उन्हाळा शिल्लक असतानाच तो खाणे थांबवतो आणि दगडाच्या आडोशाला रेशमाचे आवरण विणून आत बसतो. कारण पुढे पानांतला कस कमी होतो आणि अळीच्या अंगावर वाढणाऱ्या परजीवी माश्या व गांधीलमाश्यांचाही धोका असतो. त्या पुष्कळ सुरवंटांचा बळी घेतात.

हिवाळ्यात हा जीव गोठून कडक होतो. उणे ७० अंशांपर्यंतची थंडी सोसतो. ओठ फुटल्यावर आपण लावतो ते ग्लिसरीन त्याचे शरीर स्वतःच तयार करते. त्यामुळे गोठतानाही आतल्या पेशी फुटत नाहीत.

पूर्वी शास्त्रज्ञ त्याचे आयुष्य चौदा वर्षांचे मानीत. मोरवुड आणि रिंग या शास्त्रज्ञांनी १९९८ साली ते सात वर्षांचे असल्याचे दाखवले. शेवटच्या उन्हाळ्यात कोष, मग पतंग. पतंग काहीच खात नाही. जोडी जमते, मादी अंडी घालते आणि सारे संपते.

आता उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे. गारठ्यात जपून ठेवलेली शरीरातली शिदोरी उबेने लवकर सरते. थंडी हेच ज्याचे कवच, त्याला ऊबच जड जाऊ शकते.

जाता जाता एक गोष्ट ध्यानात ठेवा. तेथे सुरवंटाचा काळ ठरणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांच्या जातभाई आपल्या शेतातही आहेत, आणि त्या आपल्या मित्र आहेत. पिकावरच्या अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कोष दिसले, तर ती अळी चिरडू नका. तिचे काम त्यांनी आधीच केलेले असते.