कोट आपला, इस्त्री कुणाची?



१४ एप्रिलची मिरवणूक झाल्यावर दोन दिवसांनी वस्तीतल्या एका पोराच्या घरी गेलो, तर घरात भांडण पेटलेलं. पोराने भावाच्या लग्नात सात हजारांचा निळा कोट शिवून घेतला होता. मिरवणुकीत तोच घातला. घामाने भिजला, गुलाल नसला तरी धूळ बसलीच. दुसऱ्या दिवशी आईने तो बादलीत पावडर टाकून भिजवला, घासला, पिळला आणि भर उन्हात तारेवर टाकला. छातीवर कापडाला फोड आल्यासारखे फुगे आले, कॉलर वाकडी झाली. पोरगा आईवर ओरडत होता आणि ती माऊली म्हणत होती, "मला काय माहीत बाबा, मी तर चांगला स्वच्छ धुतला."

ही गोष्ट मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "कोटाचे चोचले पाहिजेतच कशाला? पोरांना साधेपणा शिकवा." या वाक्यावर मला लिहायचं आहे. त्या पोराच्या ओरडण्यावरही लिहायचं आहे.

साधेपणा ही निवड असते, आणि निवड त्यालाच करता येते ज्याला दुसरं काही घालायची मुभा होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मेलेल्या माणसाची वस्त्रं नेमून दिली आहेत. हे फक्त पोथीत राहिलं असं कुणी म्हणू नये. १९२८ साली इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर गावोगावच्या सवर्णांनी अटी लादल्या. त्यात जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, अशा अटी होत्या. बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हा दाखला दिला आहे. आणि २०२३ साली गुजरातमधल्या पालनपूर तालुक्यातल्या मोटा गावात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. मधे पंचाण्णव वर्षं गेली, कापड मात्र तसंच डोळ्यात खुपतंय.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा लुगडं नेसण्याच्या पद्धतीवर, अंगावरच्या जड दागिन्यांवर आणि स्वच्छतेवर बोलले. कपड्यावरून जात ओळखू येते, ती खूण पुसा, हा त्याचा अर्थ. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला श्रीनिवासांचं 'संस्कृतीकरण' शिकवलं, म्हणजे खालच्या जाती वरच्यांचं अनुकरण करून वर सरकतात. बाबासाहेबांचा कोट त्या चौकटीत बसत नाही. तो इथल्या कुठल्याच वरच्या जातीचा पोशाख नव्हता. आणि आपल्याकडे शिस्तीचा शिवलेला कपडा आधी आला तो पलटणीतून. सुभेदार रामजींच्या पिढीने वर्दी घातली, म्हणजे ती रोज झटकली, घड्या पाडल्या, बटणं घासली. कपड्याची निगा आपल्याला कुणी परक्याने शिकवायची गरज नव्हती. मधे ती सुटली.

सुटली का, त्याचं उत्तर आमच्या काटेवाडीतच आहे. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडे जाताना आमच्या गावात येते. मेंढ्यांचं रिंगण होतं ते टीव्हीवर दिसतं. त्याआधी परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो. धुतलेली पांढरी शुभ्र धोतरं वाटेवर अंथरलेली असतात. मी लहानपणापासून बघतोय आणि खरं सांगतो, दृश्य देखणं आहे. पण माझी आजी त्या पायघड्यांकडे बघून दरवर्षी एकच बोलायची, "आमचं लुगडं कधी घेतलं नाही ह्यांनी." परीटही बलुतेदार आणि महारही बलुतेदार, तरी परीट महाराचे कपडे धूत नसे. आजी तिचे कपडे कालव्यावर स्वतः आपटायची. यालाच बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणतात. यात परिटाला शिव्या देऊन काही होणार नाही. त्याने आपले कपडे घेतले असते तर गावाने त्याचं बलुतं बंद केलं असतं. त्याच परीट समाजातून गाडगेबाबा आले. अंगावर चिंध्या घालून हयातभर लोकांची घाण झाडणारा हा माणूस सुटाबुटातल्या बाबासाहेबांना आपला मानत होता आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्याने बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. चिंधी आणि कोट यांचं भांडण त्या दोघांनी कधी लावलं नाही, ते आपण का लावतोय?

तर कोट घाला. पण मग तो सांभाळायला शिका, कारण माहिती नसली की सात हजार एका बादलीत जातात. आपल्याकडे सात हजार म्हणजे ऊसतोडीच्या किंवा कंपनीतल्या मजुरीचे किती दिवस, हिशोब तुम्हीच करा.

त्या कोटाला फुगे का आले? स्वस्त कोटात वरचं कापड आणि आतलं अस्तरापूर्वीचं जाड कापड गोंदाने चिकटवलेलं असतं. शिंपी त्याला पेस्टिंग म्हणतात. पाण्यात भिजवून पिळलं की गोंद सुटतो. महाग कोटात आत कॅनव्हास टाके घालून बसवलेला असतो, तो असा फुगत नाही, पण लोकर असेल तर पाण्यात चोळल्यावर आटते. म्हणजे कुठलाच कोट बादलीचा नाही.

पण लगेच ड्रायक्लीनला पळू नका. ड्रायक्लीन म्हणजे कोरडं धुणं नव्हे, पाण्याऐवजी रसायनात धुणं. बऱ्याच ठिकाणी पेट्रोलियमचं द्रावक वापरतात, काही ठिकाणी पर्क्लोरोएथिलीन. या दुसऱ्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात ठेवलं आहे. ते दिवसभर हुंगतो तो लाँड्रीतला कामगार. शिवाय दर वेळच्या धुलाईने लोकरीचा तजेलाही जातो. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. डाग कसला आहे ते मात्र देतानाच सांगा.

बाकी निगा घरचीच. कोट काढल्यावर खिसे रिकामे करा. मऊ केसांच्या ब्रशने वरून खाली झाडा. भवानीनगरच्या कारखान्याचं गाळप सुरू असताना हवेत काजळी असते, तेव्हा हाताने चोळलंत तर ती कापडात मुरते, ब्रशने निघते. मग रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर रात्रभर सावलीत, वाऱ्यावर टांगा. तारेच्या हँगरने खांदे मोडतात. सलग दोन दिवस एकच कोट घालू नका, घाम वाळू द्या. इस्त्री थेट फिरवली की कापड चमकायला लागतं आणि ती चमक पुन्हा जात नाही. वर ओलसर सुती फडकं ठेवा आणि इस्त्री सरकवण्यापेक्षा उचलून टेकवा.

पावसाळ्याआधी कोट साफ करूनच ठेवा, कारण कसर लोकर खाते आणि घामाचा, जेवणाचा डाग असेल तिथे आधी लागते. दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका, आत दमट हवा कोंडून बुरशी येते. जुन्या सुती चादरीची खोळ शिवली तरी चालते. डांबरगोळ्या कापडावर थेट ठेवू नका, पुरचुंडीत बांधा. चिचोलीच्या शांतिवनात आणि पुण्याला सिंबायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत, त्या बघायला जाल तेव्हा कपड्यांपुढे जरा जास्त वेळ थांबा. इतकी वर्षं कापड टिकवणं सोपं नाही. आपण मात्र १३ एप्रिलच्या रात्री पुतळ्याचा कोट पाण्याने घासून लख्ख करतो आणि आपला कोट कपाटात गोळा करून कोंबतो!

आता त्या पोराच्या ओरडण्याविषयी. मी माझ्यासकट बोलतोय. व्याख्यानाला जाताना माझा शर्ट कडक इस्त्रीचा असायचा आणि ती इस्त्री लग्नाआधी आईची, नंतर बायकोची. व्यासपीठावर स्त्रीमुक्ती, घरी "माझी पँट कुठाय?" आजीचे कपडे परिटाने घेतले नाहीत म्हणून आपण जातीव्यवस्थेला जाब विचारतो, मग आपले कपडे कुणी धुवायचे हे आपण घरात जन्मावरूनच ठरवतो, त्याचा जाब कोण विचारणार? त्या आईला कुणी सांगितलं नव्हतं की हे कापड वेगळं आहे. पोरालाही माहीत नव्हतं. पण ओरडायचा हक्क त्याने गृहीत धरला.

त्याला मी तेवढंच म्हणालो, आधी आईची माफी माग, मग कोट बघू. माफी मागायला त्याला संध्याकाळ झाली. फुगलेला पुढचा भाग शिंप्याने थोडाफार दाबून बसवला, कॉलर मात्र गेली ती गेलीच. पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात तो कोट घेऊन येणार आहे. ज्यांच्याकडे कोट आहेत त्यांनी आपापले आणा. ब्रश आणि सुती फडकी मी आणतो. आयाबहिणींनी त्या दिवशी बसून बघायचं.