वाट कुणाच्या बापाची?

मँचेस्टरला भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा डर्बीशायरमधलं एडेल पाहिलं. मँचेस्टर-शेफिल्ड रेल्वेलाईनवरचं छोटंसं खेडं. दगडी घरं, चर्च, उतारावर मेंढ्या. फोटो मीही काढले, खोटं कशाला बोलू. पण डोकं अडकलं ते एका पाटीवर. 'पब्लिक फूटपाथ' लिहिलेलं, आणि बाण थेट एका शेतकऱ्याच्या कुरणात!

मी बिचकलो. दुसऱ्याच्या रानात पाय टाकायचा म्हणजे आधी हाक मारायची, ही आपली सवय. भाचा म्हणाला, "मामा, चला बिनधास्त. फक्त फाटक मागं लावून घ्या." खासगी कुरणांतून अप्पर बूथपर्यंत चालत गेलो, कुणी हटकलं नाही.

तिथं कौंटी कौन्सिलकडे या वाटांचा अधिकृत नकाशा असतो. नकाशात वाट आहे म्हणजे आहे, वाद संपला. शेतातून जाणारी वाट नांगरटीत मोडली तर शेतकऱ्यानं १४ दिवसांत परत करून द्यायची. जमीन त्याची, वाट सगळ्यांची.

हे जमीनदारांनी उदार होऊन दिलेलं नाही बरं का. एडेलच्या डोक्यावर किंडर स्काउटचं पठार आहे, तेव्हा बड्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार पोरं मुद्दाम त्यात घुसली. पुढारी बेनी रॉथमन, वय अवघं २०. पाच जण तुरुंगात गेले. वाटांचे नकाशे करायला लावणारा कायदा आला १९४९ मध्ये, आणि मोकळ्या माळावर हिंडायचा हक्क देणारा कायदा यायला २००० साल उजाडलं.

आता आपलं बघा. पाणंद आपल्याही गावनकाशावर आहे. अडवलेली वाट मोकळी करायचा अधिकार तहसीलदारांना १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्यानं दिलाय. कायदा नाही असं नाही! पण दरवर्षी वीतभर बांध कोरला जातो आणि बैलगाडीची पाणंद सायकलपुरती उरते. वीस वर्षांत यावर किती बातम्या लिहिल्या, मोजल्या नाहीत. ऊस तुटून पडलाय, ट्रॉली निघत नाही, आणि तहसीलदारांचा आदेश खिशात घेऊन माणूस चिखलात उभा. कोरणारा भावकीतला, नाहीतर पुढाऱ्याचा. पंचनामा होतो, चहा होतो, पाणंद तशीच.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक पाणंदीच्या तोंडाला ग्रामपंचायतीनं पाटी लावावी, नकाशातला मार्ग आणि रुंदी लिहून. पाटी कोण उपटतो, ते गावाला दिसू द्या. येत्या ग्रामसभेला मी तसा अर्ज देतोय. तुमच्याकडची पाणंद किती फूट उरलीय, जरूर कळवा.