बेज सीट, मोहट्याची हळद आणि आजी

तुमच्यापैकी ज्यांनी बेज रंगाच्या लेदर सीटची गाडी घेतली असेल, त्यांना माझं दुःख सांगायची गरज नाही. ज्यांनी अजून घेतली नसेल, त्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचा. पैसे वाचतील, आणि कदाचित एखादं माणूसही!

आमची गाडी सेकंड हँड. नवरोबांचं मन काळ्या सीटवर होतं, माझं बेजवर. ‘काय रॉयल दिसतंय रे आतून,’ असं म्हणून मी बाजी मारली. पहिले आठ दिवस हवेत गेले. नवव्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर निळसर छटा दिसली आणि शोध लागला की गुन्हेगार माझीच नवी कोरी जीन्स आहे. डेनिमची नीळ सुताच्या आतपर्यंत मुरत नाही, वरवरच बसते. म्हणून तर जीन्स विटते आणि आपण तिला ‘फेडेड लुक’ म्हणून मिरवतो. तो उडालेला रंग कुठे जातो? घाम, उकाडा आणि दीड तासाचं ट्रॅफिक मिळालं की थेट सीटवर!

झालं. त्या दिवसापासून गाडीत नियमावली लागू. नवी जीन्स बंद. वडापाव बंद. उघडं बॉलपेन बंद. ऑफिसातल्या मैत्रिणी लिफ्ट मागायच्या आधी विचारायला लागल्या, ‘आज आम्ही अलाउड आहोत ना गं?’ मी हसायचे, पण मागच्या सीटवर चादर टाकायला विसरायचे नाही.

नवरात्रात आम्ही पाथर्डीला गेलो. माझं आजोळ त्याच तालुक्यातलं. पुण्याहून नगर (आता अधिकृतपणे अहिल्यानगर), मग करंजीचा घाट, तिसगाव आणि पाथर्डी. ऑक्टोबरचं ऊन, काढणीला आलेली शेतं आणि धूळ! दसरा सरला की या भागातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. त्याआधी मोहटादेवीला जाऊन यायचं, हा आजीचा अनेक वर्षांचा नेम. आधी ती चालत जायची, मग एस.टी.नं. यंदा म्हटलं, आजी, आपल्या गाडीतून!

आजी नवं लुगडं नेसून, ओटीचं सामान पदरात धरून दारात उभी. गाडीचं दार उघडलं. तिनं आत वाकून पाहिलं आणि चपला काढल्या. बाहेर, रस्त्यावर!

‘अगं आजी, चपला घाल की.’

‘आगं माय, एवढं पांढरंफेक हाय. मी आपली खालीच बसते.’

‘खाली कुठे? सीटवर बस. फक्त जरा सांभाळून हं.’

हे शेवटचं वाक्य बोलले नसते तर बरं झालं असतं. कारण आजी मोहट्यापर्यंत सीटच्या कडेवर चार बोटं जागेत बसून आली. पाठ टेकली नाही. एका हातानं पुढची सीट धरलेली, दुसऱ्या हातात ओटी. मी आरशातून बघत होते आणि मनात म्हणत होते, चला, डाग तर पडणार नाही.

दर्शन झालं, गर्दीतून बाहेर आलो. परत निघालो आणि पहिल्याच खड्ड्यात आजीच्या हातातली हळदीची पुडी फुटली. बेज सीटवर मूठभर पिवळीधमक हळद! आजीनं घाईघाईनं ओल्या पदरानं पुसायला घेतलं आणि डाग वीतभर पसरला. मी काहीच बोलले नाही. पण माझा चेहरा बोलला असणार. आजी गप्प झाली ती घर येईपर्यंत.

घरी पोचताच मी मोरीतली कपड्यांची साबणवडी आणि फडकं घेऊन धावले. फेस केला, घासलं, आणि बघते तर काय, पिवळा डाग लालभडक! मला रडू फुटायचं बाकी होतं. मागून आजी बघत होती. तिनं हात जोडले. ‘बया! हळदीचं कुंकू झालं!’

हसू नका. केमिस्ट्रीच्या हिशेबानं आजीचं अगदी बरोबर होतं. हळदीतला रंग म्हणजे करक्युमिन. त्याला चुना किंवा साबणासारखा अल्कलीचा पदार्थ लागला की तो पिवळ्याचा लाल होतो. पारंपरिक कुंकू हळदीच्या याच गुणावर बनत आलंय. म्हणजे मी सीट धूत नव्हते, सीटवर कुंकू तयार करत होते! साध्या पाण्यानं तीन-चारदा पुसल्यावर साबण निघाला आणि लाल परत पिवळं झालं. पण पिवळं काही हटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त झालं. पाथर्डीत चपला शिवणारे एक काका भेटले. वय सत्तरीच्या पुढचं, बोटं चामड्यासारखीच झालेली. चप्पल शिवून होईपर्यंत नवरोबांनी त्यांना गाडीचं दुखणं सांगितलं. काका उठले, सीटवरून अंगठा फिरवला, बोटानं पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला.

‘ह्याला तेलबिल काय पाजू नका,’ ते म्हणाले. ‘वरून रंगाचा थर हाय. आत जाणारच नाही.’

‘मग काका, करायचं काय?’

‘पुसायचं. आन् बसायचं.’

मंडळी, लेदर केअरचं सगळं शास्त्र या दोन शब्दांत आलं! आजच्या बहुतेक गाड्यांचं लेदर कोटेड असतं. चामड्यावर रंगाचा थर, त्यावर पारदर्शक थर. आपण ज्याला लेदर समजून जपतो, तो हात लागतो ते हे कोटिंग. मळ बसतो त्याच्यावर, आणि आपण चुकीचं काही चोळलं की उडतं तेही तेच. शिवाय पुष्कळ ‘लेदर’ सीट्समध्ये फक्त बसायची बाजू चामड्याची असते. कडा आणि पाठ रेक्झिनचं पुढारलेलं भावंडं!

तर हळद कशी गेली? आम्ही काहीच केलं नाही. करक्युमिनला उजेड सोसत नाही, म्हणून तर हळदीचे कपडे उन्हात वाळले की डाग फिका पडतो. गाडी अंगणात दार उघडं ठेवून उभी केली. पाथर्डीच्या उन्हानं दोन दिवसांत काम केलं. मुद्दाम शोधला तरच दिसेल, एवढासा पिवळा उरला.

पण खरा डाग निराळाच होता. दुसऱ्या संध्याकाळी मी आजीला म्हटलं, उद्या जाताजाता तुला मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला नेते. आजी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तुमी जावा बाई. मी येईन एस.टी.नं. एस.टी.त कसं, टेकून बसता येतं.’

टेकून बसता येतं! त्या रात्री मला झोप आली नाही.

जुन्या मोटारींबद्दल वाचलेली एक गोष्ट तेव्हा आठवली. सुरुवातीच्या काळातल्या आलिशान मोटारींत लेदर असायचं पुढे, शोफरच्या सीटला. कारण पुढचा भाग उघडा. ऊन, पाऊस, धूळ त्यानं झेलायची, आणि चामडं ते सगळं सोसतं. मागे मालकांना मऊ कापडी गाद्या. म्हणजे लेदर हे मुळात राबणाऱ्या माणसाच्या बुडाखालचं! ते आपण चकाचक करून देव्हाऱ्यात बसवलं. आपल्याकडे तर साहेबांच्या अँबॅसेडरमध्ये सीटवर पांढरा टर्किश टॉवेल अंथरलेला असायचा. अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण टॉवेल मात्र आपल्या डोक्यात राहिला.

सकाळी मी मागच्या सीटवरची चादर काढून डिकीत टाकली. आजीला हाताला धरून आणलं. ‘आजी, चपला घालून बस. आणि टेकून बस. नाहीतर मीही येते तुझ्याबरोबर एस.टी.नं.’

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग चपलांसकट चढली आणि पाठ टेकली. मढी यायच्या आधीच झोपली होती, डोकं मागे टाकून, तोंड जरासं उघडं. येताना रेवड्या घेतल्या. तीळ सीटच्या शिवणीत गेले. जाऊ देत!

पुण्यात आल्यावर पाहिलं, हेडरेस्टवर खोबरेल तेलाचा गोल डाग. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ फडकं. दोन मिनिटांचं काम. मी ते दोन दिवसांनी केलं.

आता तुमच्यासाठी, बेजच घ्यायची असेल तर:

• आठवड्याला कोरड्या मायक्रोफायबरनं धूळ पुसा. धूळ चोळली गेली की पॉलिश पेपरसारखी काम करते. शिवणींसाठी व्हॅक्युम आणि मऊ ब्रश.

• महिन्याला एकदा लेदर क्लीनर किंवा सौम्य साबणाचं पाणी. फडकं ओलं करा, सीट नाही. सीटला बारीक छिद्रं असतील तर हे दुप्पट पाळा.

• कपड्यांचा साबण, काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर, ‘मॅजिक’ स्पंज, सगळं लांब ठेवा. डागाबरोबर कोटिंगही जातं.

• जीन्सचा निळा रंग दिसला की त्याच दिवशी पुसा. महिनाभर मुरला की हट्टी होतो. नवी जीन्स आधी दोन-तीनदा धुवा. बॉलपेनच्या शाईवर घरगुती प्रयोग नकोत, जाणकाराकडे न्या.

• उन्हात गाडी लावताना काचेला सनशेड लावा. हळदीला ऊन चांगलं, चामड्याला रोजचं नाही.

• सीट कव्हर घालणार असाल तर सीटच्या कडेला एअरबॅग आहे का ते आधी बघा. चुकीचं कव्हर तिला उघडू देत नाही.

आणि शेवटचं. गाडीत कुणी बसताना ‘जरा सांभाळून हं’ म्हणू नका. पुसून न जाणारा डाग तोच.