विश्लेषण : धंद्याचा फोन वळवताना बँकेची चावीही वळते का?

साकीनाक्याच्या औद्योगिक वसाहतींत शटरवर रंगवलेला मोबाइल क्रमांक हीच अनेक गाळ्यांची खरी ओळख. मालक बाहेर असला की हा फोन दुसऱ्या क्रमांकावर वळवला जातो, म्हणजे कॉल फॉरवर्ड केला जातो. सोय जुनी आणि उपयोगी. पण तिचाच वापर करून भामटे बँक खात्यापर्यंत आणि व्हॉट्सॲपपर्यंत पोहोचू लागले, तेव्हा १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवण्याची यूएसएसडी सेवा थांबवण्यात आली. आज काय सुरू आहे, काय बंद आहे आणि लहान व्यावसायिकाने नेमके काय करावे?

गाळ्याला ही सोय का लागते?

अंधेरी-कुर्ला रस्ता, साकीविहार रस्ता, खैरानी रस्ता या पट्ट्यात फॅब्रिकेशन, प्लास्टिक मोल्डिंग, कपडे शिवणे, छपाई, पॅकिंग अशी कामे शेकडो लहान गाळ्यांत चालतात. दोन-चार कारागीर, एक मालक, आणि फोन घ्यायला वेगळा माणूस नाही. मशीन सुरू असताना रिंग ऐकू येत नाही. मालक कधी मशीद बंदरला कच्चा माल बघायला गेलेला, कधी भिवंडीच्या गोदामात, तर कधी मेट्रोच्या गर्दीत. नवे गिऱ्हाईक दोनदा फोन करते आणि तिसऱ्यांदा शेजारच्या गाळ्याला लावते.

काहींनी काम वसईकडे हलवले, पण साकीनाक्याचा क्रमांक सोडला नाही. वर्षानुवर्षे बिलावर आणि व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्रमांक सोडणे म्हणजे जुनी गिऱ्हाइके सोडणे. २०२० च्या टाळेबंदीत गाळे बंद पडले तेव्हा चौकशीचे फोन घरी घेण्याची वेळ अनेकांवर आली आणि ती सवय पुढेही टिकली.

कॉल नेमका कुठून वळतो?

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. कॉल हँडसेटमधून वळत नाही, तर कंपनीच्या नेटवर्कमधून वळतो. ‘या क्रमांकाचे कॉल त्या क्रमांकावर पाठवा’ ही नोंद नेटवर्ककडे राहते. म्हणून फोन बंद असला तरी फॉरवर्डिंग चालते. फोन फॉरमॅट केला किंवा सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घातले, तरी ती नोंद पुसली जात नाही.

प्रकार चार आहेत. सर्व कॉल वळवणे, लाइन व्यग्र असल्यास वळवणे, ठरावीक सेकंद उत्तर न आल्यास वळवणे, आणि फोन बंद किंवा संपर्कक्षेत्राबाहेर असल्यास वळवणे. पहिल्या प्रकारात तुमचा फोन वाजतच नाही. उरलेल्या तिन्हींत आधी तुमच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न होतो.

वळलेल्या कॉलचा दुसरा टप्पा, म्हणजे तुमच्या क्रमांकापासून पुढचा, तुमच्या खात्यावर धरला जातो. अमर्याद कॉलच्या पॅकमध्ये तो सहसा जाणवत नाही, परदेशात रोमिंगवर असताना मात्र चांगलाच जाणवतो. एसएमएस आणि व्हॉट्सॲपवरचे कॉल या सेवेतून वळत नाहीत.

मग कोड बंद का केले?

फसवणुकीची पद्धत साधी होती. ‘मोबाइल कंपनीतून बोलतोय, तुमच्या सिममध्ये अडचण आहे’ असे सांगणारा फोन येतो. अडचण दूर करण्यासाठी स्टार ४०१ आणि त्यापुढे एक दहा आकडी क्रमांक दाबायला सांगितले जाते. ते दाबले की तुमचे सगळे कॉल त्या अनोळखी क्रमांकावर जाऊ लागतात. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२४ मध्ये याबाबत सावध केले. मार्चअखेरीस कंपन्यांना आदेश गेला आणि १५ एप्रिलपासून पुढील सूचना मिळेपर्यंत यूएसएसडीद्वारे कॉल वळवणे थांबवण्यात आले. आधी ज्यांनी ही सेवा घेतली होती, त्यांना ती दुसऱ्या मार्गाने नव्याने सुरू करायला सांगण्यात आले. यूएसएसडी म्हणजे स्टारने सुरू होऊन हॅशने संपणारे, इंटरनेटशिवाय चालणारे कोड. इंटरनेट नसतानाही बँकेचे व्यवहार करता येणारी स्टार ९९ हॅश ही सेवा याच जातीची.

एसएमएस वळत नसेल तर ओटीपी कसा जातो, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की ओटीपी फोन करूनही सांगितला जातो. भामटा स्वतःच्या हँडसेटवर तुमच्या क्रमांकाने व्हॉट्सॲप सुरू करू पाहतो आणि ‘कोड फोनवर सांगा’ हा पर्याय निवडतो. कॉल वळून त्याच्याकडेच जातो. बँकेने संशयास्पद व्यवहाराबाबत खात्री करण्यासाठी फोन केला, तर तोही तोच उचलतो.

मोठे नुकसान पुढे होते. तुमच्या व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाइकांना निरोप जातो, ‘खाते बदलले आहे, ॲडव्हान्स या खात्यात पाठवा.’ लहान धंद्यात ॲडव्हान्स ओळखीवर आणि विश्वासावर येतो. पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि नाव गाळ्याचे खराब होते.

बंदीनंतर धोका संपला का?

नाही. स्टार २१ सारखे कोड यूएसएसडीपेक्षा वेगळे आहेत. ते जगभर वापरल्या जाणाऱ्या जीएसएम मानकातील पूरक सेवांचे कोड असून हँडसेट त्यांचे रूपांतर थेट नेटवर्कला दिलेल्या सूचनेत करतो. त्यामुळे एक दार लावले, म्हणून घर बंद झाले असे होत नाही. कुरिअर पोहोचवणारा असल्याचे भासवून ‘पत्ता पक्का करण्यासाठी’ असा कोड दाबायला लावण्याचे प्रकार नंतरही पुढे आले आहेत. दिवसभर पार्सले येणाऱ्या-जाणाऱ्या गाळ्यात असा फोन आला तर शंका कोणाला येणार?

खरी गाठ एकाच क्रमांकाची

कोडांवर इतकी चर्चा होते, पण मूळ अडचण वेगळी आहे. शटरवर जो क्रमांक, तोच बँक खात्याला जोडलेला, तोच यूपीआयला, तोच जीएसटी नोंदणीला आणि तोच व्हॉट्सॲप बिझनेसला. हा क्रमांक कोणत्याही कारणाने वळवला, अगदी विश्वासू भाच्याच्या फोनवर जरी वळवला, तरी धंद्याच्या चौकशीबरोबर बँकेचे फोनही तिकडेच जातात. कारागीर किंवा मॅनेजर काम सोडून गेला आणि फॉरवर्डिंग तसेच राहिले, तर गिऱ्हाइकेही त्याच्याबरोबर जातात. त्यात कोणाची फसवणूक असेलच असे नाही. कधी कधी फक्त विसराळूपणा असतो.

म्हणून पाटीवरचा क्रमांक आणि पैशांचा क्रमांक वेगळे करावेत. पाटीवरचा जुना क्रमांक चौकशीसाठी ठेवावा आणि बँक, यूपीआय, जीएसटी यांसाठी दुसरे सिम घ्यावे. तो क्रमांक कुठेही छापू नये आणि कधीही वळवू नये. बँकेत क्रमांक बदलायला एक फेरी पडते, दुसऱ्या सिमचा रिचार्जही सुरू ठेवावा लागतो. हा खर्च लहान गाळ्याला नको वाटतो हे खरे, पण ॲडव्हान्सची एक रक्कम बुडण्यापेक्षा तो कमीच.

वळवायचाच असेल तर कसा?

अँड्रॉइड फोनमध्ये फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगचा पर्याय मिळतो. आयफोनच्या सेटिंगमध्ये साधारणपणे सर्व कॉल वळवण्याचाच पर्याय दिसतो. कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडेही विचारता येते. गाळ्यासाठी ‘उत्तर न आल्यास’ हा प्रकार सर्वांत सोयीचा, कारण फोन आधी तुमच्याकडे वाजतो आणि कॉल येत आहेत हे तुम्हाला कळत राहते. किती सेकंद थांबायचे ते पाचच्या पटीत, ३० सेकंदांपर्यंत ठरवता येते. १५ ते २० सेकंद पुरेसे आहेत. ज्या क्रमांकावर कॉल वळवला, तिथून पुन्हा तुमच्याकडेच फॉरवर्डिंग लावलेले नाही ना, तेवढे पाहावे.

तीन-चार जण फोन घेणारे असतील, तर क्लाउड टेलिफोनी हा दुसरा मार्ग. एकच क्रमांक घ्यायचा आणि ‘ऑर्डरसाठी एक दाबा, बिलासाठी दोन’ अशी रचना करून घ्यायची. महिन्याचे भाडे लागते, पण कोणता कॉल सुटला याची नोंद राहते आणि माणूस बदलला की त्याचा क्रमांक यादीतून काढता येतो. एकट्या मालकाच्या गाळ्याला मात्र हा पसारा फारसा लागत नाही.

संशय आला तर काय करावे?

दिवसभर फोन वाजला नाही तर मंदी आहे असे मानण्याआधी फॉरवर्डिंगचे सेटिंग पाहावे. स्टार हॅश २१ हॅश दाबल्यास सर्व कॉल कुठे वळत आहेत हे दिसते. हॅश हॅश ००२ हॅश दाबल्यास सर्व प्रकारचे फॉरवर्डिंग रद्द होते. काही कंपन्यांचे कोड वेगळे आहेत, त्यामुळे कोड चालला नाही तर ग्राहक सेवा केंद्रात विचारावे. व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून पिन ठेवावा, मग फोनवरून कोड गेला तरी खाते सहज हाती लागत नाही.

पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली, तरच ती परत मिळण्याची शक्यता असते. हा फोन दुसऱ्या हँडसेटवरून केलेला बरा. फसवणुकीचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, अशा वेळी संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत त्या क्रमांकाची तक्रार नोंदवता येते. आपल्या नावावर किती सिम सुरू आहेत, हेही त्याच पोर्टलवर पाहायला मिळते.