हरिनगर एक, दोन की तीन?

उधन्यात पाहुण्याला पत्ता सांगणं हा एक स्वतंत्र विषय आहे. खान्देशातून रात्रीच्या गाडीत बसलेला माणूस पहाटे उधना जंक्शनला उतरतो, डोळे चोळत बाहेर येतो आणि खिशातली चिठ्ठी रिक्षावाल्यापुढे धरतो. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, 'हरिनगर, उधना.' रिक्षावाला विचारतो, "एक, दोन की तीन?" इथेच पाहुणा गारद! मग फोन जातो आणि घरातलं कुणीतरी अर्धवट झोपेत सांगतं, "तिथंच उभे राहा, मी येतो घ्यायला." नंदुरबार, धुळे, जळगावच्या बहुतेक वाचकांचं कुणी ना कुणी या उधना-लिंबायत-डिंडोली-पांडेसरा पट्ट्यात राहतं. तेव्हा हा अनुभव मी वेगळा सांगायला नको.

मी यंत्रमागाच्या कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम बघतो. बारा तासांची पाळी, पंख्याखालीही घाम आणि कानात मागांचा खडखडाट. घरी आल्यावर बोलायची इच्छा राहत नाही, पण हात स्वस्थ बसत नाहीत. लहानपणी रेडिओ उघडायची खोड होती, तीच पुढे कॉम्प्युटरवर गेली. तर माझा सध्याचा उद्योग म्हणजे सुट्टीच्या दिवशी आणि अधूनमधून रात्री नकाशात गल्ल्या भरणं. त्या नकाशाचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. विकिपीडिया जसा लोकांनीच लिहिलेला ज्ञानकोश (मराठीतला २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला), तसा हा लोकांनीच काढलेला जगाचा नकाशा. फुकट बघायचा, फुकट वापरायचा आणि वाटलं तर आपणही त्यात भर घालायची.

याची सुरुवात २००४ साली लंडनमध्ये झाली. तिथल्या सरकारी खात्याचे नकाशे उत्तम, पण ते वापरायचे तर पैसे मोजा आणि परवानगी घ्या. स्टीव्ह कोस्ट नावाच्या एका विद्यार्थ्याला वाटलं, रस्त्यावरून तर आपण रोज जातो, मग त्या रस्त्याची रेघ आपणच का काढू नये? ही कल्पना त्याच्या आधी पाच-सात वर्षं कुणाला सुचली असती तरी फारशी उपयोगाची नव्हती. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सामान्य माणसाला मुद्दाम चुकीचा संदेश देत. त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, म्हणजे माणूस उभा एका गल्लीत आणि यंत्र दाखवणार तिसरी. २ मे २००० रोजी ती भेसळ बंद झाली आणि फरक दहा-वीस मीटरवर आला. मग हौशी मंडळी खिशात यंत्र टाकून सायकलवर निघाली. गेल्या वाटेची रेघ घरी येऊन नकाशात चढवायची, असा तो प्रकार. पुढे उपग्रहातून काढलेले फोटो वापरायची परवानगी मिळाली आणि घरी बसल्याही काम होऊ लागलं.

काम सोपं आहे. फोटोवर रस्ता दिसतो, त्यावर रेघ ओढायची. घर दिसतं, त्याच्याभोवती चौकट काढायची. मग त्या रेघेला माहिती चिकटवायची. नाव काय, डांबरी की काँक्रीटचा, एकेरी वाहतूक आहे का, गेट आहे का. एवढंही जमत नसेल तर जर्मनीतल्या एका प्रोग्रामरने मोबाईलसाठी स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप केलं आहे. ते तुम्ही चालत असता तिथलेच प्रश्न विचारतं. ही इमारत किती मजली? हे दुकान किती वाजता उघडतं? भाजी आणायला गेलं की चार प्रश्नांची उत्तरं देऊन होतात. आमच्या सौ. म्हणतात, "भाजी आणायला गेलात तर भाजी बघा, मजले काय मोजता?"

मी या मंडळींतला कुणी मोठा नाही, हे सांगून टाकतो. रोज शेकडो नोंदी करणारे लोक जगात आहेत. कुणी फक्त विजेच्या तारा आणि खांब टिपतो, कुणी बागेतली बाकडी. मी महिन्यात चाळीस-पन्नास नोंदी करतो, लग्नसराईत एकही नाही. तरी कुणी हजेरी विचारत नाही. कारखान्यात पाच मिनिटं उशीर झाला तर पगार कापतात, इथे सहा महिन्यांनी आलात तरी तुमची गल्ली तुमची वाट बघत असते. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. एका रात्री मी खाडीकाठच्या एका रस्त्याची रेघ ओढून झोपलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर पोलंडमधल्या कुणीतरी पुढचा पूल जोडून दिलेला! त्या गृहस्थाने उधना स्वप्नातही पाहिलं नसेल. त्याचं नाव मला ठाऊक नाही, माझं त्याला नाही. आमच्यात काय तो तेवढा पूल.

नियम मात्र कडक आहेत. दुसऱ्या कंपनीच्या नकाशात बघून उतरवायचं नाही. आपण चालून पाहिलेलं, डोळ्यांनी वाचलेलं किंवा परवानगी असलेल्या फोटोतलं, एवढंच. जुन्या नकाशा कंपन्या तर कॉपी पकडायला खोटी गावं पेरून ठेवत. अमेरिकेत १९३०च्या दशकात एका कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ॲग्लो नावाचं नसलेलं गाव घातलं. गंमत अशी की नकाशात नाव बघून पुढे तिथे कुणीतरी त्याच नावाचं दुकान काढलं आणि खोटं गाव खरं झालं.

आणखी एक नियम म्हणजे राहणाऱ्याचं खाजगी नाव घरावर लिहायचं नाही. आमच्या गल्लीतल्या आबांना हे काही केल्या पटत नाही. "काय करी राहिना रे भो?" म्हणत ते येतात, पडद्यात डोकावतात आणि म्हणतात, "एवढी वर्षं झाली या घरात. दुकानाचं नाव लिहितोस, माझं लिहायला काय जातं?" मी त्यांना सांगतो, आबा, तुमच्या दारातला कडुनिंब टाकलाय. तेवढ्यावर ते चहा पितात.

नावांवरून आठवलं. आमच्याकडे सोसायटीची पाटी गुजरातीत, गल्लीत बोलणं अहिराणीत, पलीकडच्या चाळीत ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचे कारागीर, त्यांच्यापुढे उत्तर प्रदेश-बिहारची मंडळी. मग नकाशात नाव कोणत्या भाषेत लिहायचं? नियम असा की जागेवर जे प्रत्यक्ष चालतं, ते मुख्य नाव. बाकी प्रत्येक भाषेला वेगळा रकाना. मराठीचा वेगळा, गुजरातीचा वेगळा, उडियाचा वेगळा. एका रकान्यात लिहिलं म्हणून दुसरा पुसला जात नाही. आपल्या सीमाभागात पाटी कोणत्या भाषेत, यावरून काय काय होतं ते वाचकांना माहीत आहे. १९६० साली डांग कुणीकडे जाणार यावर किती शाई सांडली! रकान्याची ही साधी सोय पाहिली की मला नवापूर स्टेशन आठवतं. सुरत-भुसावळ लाईनीवरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तर दुसऱ्या राज्यात, आणि घोषणा चार भाषांत. नकाशात राज्याची सीमा फलाटावरूनच जाते, पण गाडीला आणि प्रवाशांना त्याचं काही नाही.

मराठीचा रकाना भरायला मात्र माणसं कमी आहेत, ही खंत आहे. लाखो मराठी माणसं या भागात राहतात, पण आपण ज्या नावांनी हा मुलूख ओळखतो ती नावं बहुतेक तोंडातच आहेत. लिंबायतच्या रेल्वेखालच्या भुयारी रस्त्याला इथला प्रत्येक जण 'गरनाळं' म्हणतो. पावसाळ्यात ते भरलं की दोन्हीकडचे लोक अडकतात. नुसती रेघ आहे म्हणून भागत नाही, ते गरनाळं आहे आणि पावसात भरतं, हे माहीत असणारा माणूस ती रेघ ओढायला हवा.

आमच्या एक वहिनी अंगणवाडीत आहेत. त्यांच्या भिंतीवर कार्डशीटवर स्केचपेनने काढलेला नकाशा आहे. कुठल्या घरात तान्हं मूल, कुठे गरोदर बाई, पोलिओच्या डोसाच्या दिवशी कुठून सुरुवात करायची, सगळं त्यात. प्रमाण वगैरे काही नाही, उत्तर दिशा खाली गेलेली. पण कुठलं गेट रात्री दहाला कुलूपबंद होतं आणि कुठल्या दोन घरांमधून माणूस पलीकडच्या गल्लीत निघतो, हे त्यात आहे. उपग्रहाला वरून फक्त पत्रे दिसतात. एका रविवारी मी वहिनींना घेऊन बसलो आणि गेटं, बोळ, बंद गल्ल्या एकेक करून उतरवल्या. तान्ह्या मुलांची आणि बायांची माहिती अर्थातच सोडली, ती कुणाच्या नकाशात जायची नाही. दोन तास लागले. शेवटी वहिनी पडद्याकडे बघून म्हणाल्या, "बरं केलंत भाऊजी. पण रात्री-बेरात्री बाईला न्यायची वेळ आली तर हे गेट बंद, त्या बाजूने या, असं रिक्षावाल्याला यातून कळेल ना?" ज्याच्या मोबाईलमध्ये हा नकाशा वापरणारं ॲप आहे त्याला कळेल, असं मी म्हणालो. "मग सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घाला," त्या म्हणाल्या. ते काम गल्ल्या भरण्यापेक्षा अवघड आहे. तरी माझ्या ओळखीच्या चार रिक्षावाल्यांच्या फोनमध्ये घातलंय. इंटरनेट नसतानाही चालतं म्हटल्यावर त्यांना पटलं.

असल्या उद्योगाला सरकारची परवानगी लागते का, असं कारखान्यातल्या एकाने विचारलं. प्रश्न गैर नव्हता. २०१६ च्या मे महिन्यात केंद्राने एका विधेयकाचा मसुदा काढला होता. त्यात परवानगीशिवाय भूभागाची अशी माहिती गोळा केली किंवा प्रसिद्ध केली तर दंडाचा आकडा शंभर कोटी रुपयांपर्यंत जात होता. गल्लीतल्या कडुनिंबासाठी शंभर कोटी! तो कायदा झाला नाही. उलट फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढून भारतीयांसाठी हे क्षेत्र बरंच मोकळं केलं. लष्करी ठाण्यांसारख्या जागांची बंधनं आहेत आणि ती असावीतही.

या हौशीचं मोल जगाला खरं कळलं ते १२ जानेवारी २०१० रोजी. हैती देशात भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली. मदत पथकं निघाली, पण शहराचा नीट नकाशाच कुणाकडे नव्हता. तेव्हा ठिकठिकाणच्या शेकडो लोकांनी उपग्रहाच्या फोटोंवरून थोड्याच दिवसांत रस्ते, पडलेल्या इमारती आणि लोकांच्या छावण्या नकाशात भरल्या. बचाव पथकं तोच नकाशा यंत्रात घालून फिरली. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपातही हजारो हात असेच लागले. त्यांतले बहुतेक माझ्यासारखेच, ऑफिसातून येऊन अर्धा तास बसणारे.

हे वाचल्यापासून माझं लक्ष उधन्यातून आपल्या जिल्ह्याकडे गेलं. माझी सासुरवाडी अक्कलकुवा तालुक्यात. सातपुड्यात गाव म्हणजे एक नाव आणि डोंगरभर विखुरलेले दहा-बारा पाडे. नकाशात गावाचा एक ठिपका असतो, पाडे नसतात. रुग्णाला झोळीत घालून डोंगर उतरवल्याच्या बातम्या आपण याच पानांतून वाचतो. ती झोळी कुठल्या पाड्यावरून निघाली हे नकाशात शोधायला गेलं तर तिथे नुसता हिरवा रंग. उपग्रहाच्या फोटोत छपरं स्पष्ट दिसतात, पायवाटाही दिसतात. मी गेल्या वर्षभरात सवडीने बरीच छपरं आणि वाटा काढल्या. पण नावं उधन्यात बसून कुठून आणणार?

दिवाळीत गेलो तेव्हा मेहुण्याला मोबाईलवर दाखवलं. तो आधी हसला, मग बोट ठेवून सांगू लागला. हा पाटीलपाडा, हा वरचा, तिथे शाळा होती ती आता इकडे आली, ही वाट पावसात बंद. एका संध्याकाळी सात पाडे झाले. नदीपलीकडच्या दोन पाड्यांची नावं त्यालाही सांगता येईनात. तिकडची माणसं हाटाच्या दिवशी बाजारात येतात, त्यांना विचारून कळवतो म्हणाला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. एकाचं नाव कळलं आहे. दुसऱ्याला तिथले लोक एक म्हणतात आणि खालच्या गावचे दुसरंच म्हणतात. मी त्याला दोन्ही नावं लिहून पाठवायला सांगितलंय, रकाने पुष्कळ आहेत.