गळा मोठा की भोंगा?

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो. ज्याला ते 'टोन' म्हणतात, म्हणजे आवाजाचा पोत, तो गिटारमुळे येतो की अॅम्प्लिफायरमुळे? हातात पैसे मर्यादित असतील तर भारी गिटार घ्यावी की भारी अॅम्प्लिफायर? वरवर पाहता हा हौशी पोरांचा वाद आहे. पण तो नीट समजून घेतला तर आपल्या मशिदींवरच्या भोंग्याबद्दल बरंच काही कळतं. म्हणून आधी गिटारबद्दल बोलू.

साधी लाकडी गिटार बँडच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून 1930च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रिक गिटार आली. तारांचं कंपन विजेत बदलायचं आणि अॅम्प्लिफायरने ते मोठं करायचं, एवढाच तेव्हा हेतू होता. पुढे वादकांच्या लक्षात आलं की अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीपलीकडे ताणला की आवाज नुसता मोठा होत नाही, तो बदलतो. ध्वनीची लाट वरून आणि खालून कापली जाते आणि मुळात नसलेले नवे सूर त्यात मिसळतात. वादकांना ही खरखर आवडली. 1962 साली लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात तयार झालेला अॅम्प्लिफायर पुढे रॉक संगीताची ओळख बनला. 1964 साली 'द किंक्स' या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर खरखरीसाठी स्पीकरचा कागदी पडदाच ब्लेडने चिरला. ब्रायन मे याने वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली गिटार जगप्रसिद्ध आहे, पण त्याचा तो ओळखीचा आवाज 'व्हॉक्स' कंपनीच्या अॅम्प्लिफायरशिवाय पुरा होत नाही.

या वादात मी अॅम्प्लिफायरच्या बाजूने आहे. वादकाचा हात सगळ्यात आधी, यात शंका नाही. पण तो सोडला तर इलेक्ट्रिक गिटारचा पोत गिटारपेक्षा अॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर जास्त ठरवतात. विजेशिवाय ती गिटार जेमतेम कुजबुजते. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या सतारमेकरांना हा प्रश्न पडत नाही, कारण तंबोऱ्याचा भोपळा त्याच्या अंगालाच जोडलेला असतो. इलेक्ट्रिक गिटारचं निम्मं अंग बाहेर, त्या पेटीत असतं. तिथे अॅम्प्लिफायर हे स्वतःच एक वाद्य आहे.

आता अजानकडे येऊ. अजानमध्ये अॅम्प्लिफायर वाद्य असावं का?

माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे, आणि त्याचं कारण अजानच्या जन्मकथेतच सापडतं. मदिनेत लोकांना नमाजसाठी कसं बोलवावं यावर सल्लामसलत झाली, तेव्हा कुणी घंटा सुचवली, कुणी शिंग. दोन्ही बाजूला पडलं आणि माणसाचा आवाज निवडला गेला. हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी स्वप्नात ऐकलेले अजानचे शब्द प्रेषितांना (स.) सांगितले. प्रेषितांनी (स.) ते शब्द हजरत बिलाल (रजि.) यांना शिकवायला सांगितलं, कारण बिलाल यांचा आवाज अधिक चांगला होता. ज्यांना स्वप्न पडलं त्यांना तो मान मिळाला नाही, ज्यांचा गळा चांगला त्यांना मिळाला. म्हणजे पहिल्या अजानपासून आवाजाची पारख झालेली आहे. शिंग नाकारून गळा घेतला गेला होता. आणि आज आपण गळ्यावर पुन्हा शिंगच बसवलं आहे. मशिदीवरच्या त्या स्पीकरला इंग्रजीत 'हॉर्न' म्हणतात, मराठीत 'भोंगा'. अर्थ तोच.

भोंगा हे काही वाईट यंत्र नव्हे. थोड्या विजेत लांबवर आवाज फेकण्यासाठी ते बनलं आहे. रेल्वे स्टेशनवरची सूचना, निवडणुकीची रिक्षा, सभेचं मैदान अशी त्याची कामं. पण तो मधल्या पट्टीतले सूर पुढे ढकलतो आणि खालचे-वरचे सूर गाळतो. त्यात आपण अॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवतो, माइक ओठांना चिकटवतो आणि वर 'इको' सोडतो. म्हणजे रॉकवाल्याने गिटारचं जे मुद्दाम केलं, तेच आपण अजाणता अजानचं करतो. लाट कापली जाते, नसलेले सूर मिसळतात, खरखर येते. गिटारमध्ये ती कला आहे. अजानमध्ये तो बिघाड आहे.

हा प्रश्न नुसत्या गोडव्याचा नाही, शब्दांचा आहे. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे चटकन टोचतं. 'सलाह'मधला 'स' हा स्वाद आहे, सीन नव्हे. 'फलाह'च्या शेवटी बडी 'हे' आहे, छोटी नव्हे. देवनागरीत दोन्ही 'ह' एकच दिसतात, उर्दू बोलतानाही आपण फरक करत नाही, पण अरबीत अक्षर बदललं की शब्द बदलतो. अशी अक्षरं नीट उच्चारायला कारी मंडळी वर्षं घालवतात. 'स' आणि 'फ' यांचा फरक तर आवाजाच्या वरच्या पट्टीत राहतो. साध्या फोनवर नाव सांगताना 'स' की 'फ' असा घोळ होतो, कारण फोन साधारण 3400 हर्ट्झच्या वरचं काही पोहोचवत नाही. कमअस्सल भोंग्याचंही तेच होतं. आपण इतकी तजवीद शिकायची, आणि शेवटच्या दहा फुटांत यंत्राने ती पुसून टाकायची!

हा विचार नवा आहे असंही नाही. नमाजमध्ये लाउडस्पीकर वापरावा का, यावर आपल्या उलेमांमध्ये मोठी चर्चा झालेली आहे. त्यातला एक कळीचा प्रश्न असा होता की स्पीकरमधून येणारा आवाज इमामाचा स्वतःचा आहे की यंत्राने नव्याने तयार केलेला? आज वापर बहुतेक ठिकाणी मान्य आहे आणि त्याला माझाही विरोध नाही. पण प्रश्न फार मोलाचा होता. गिटारवाले जो वाद घालतात, तोच तो प्रश्न. आपण तो विसरलो.

भोंगा मोठा केला की अजान लांब जाते, या समजुतीतही अर्धंच तथ्य आहे. 100 वॉटचा अॅम्प्लिफायर काढून 200 वॉटचा बसवला तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद साधारण दहापट लागते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल गळतात. म्हणून जास्त वॉटच्या मागे लागून लांबचा माणूस फारसा हाती येत नाही, आणि मशिदीला लागून असलेल्या घरातलं तान्हं बाळ, परीक्षेचा विद्यार्थी आणि आजारी म्हातारी मात्र हैराण होते. ती घरं बहुतेक वेळा आपलीच असतात. शेजाऱ्याच्या हक्कांबद्दल दीनमध्ये केवढी ताकीद आहे, ते इथे वेगळं सांगायला नको.

"गणपतीतला डीजे, लग्नाची वरात, पुढाऱ्यांच्या सभा यांचं काय? भोंगा फक्त आमचाच दिसतो का?" हा प्रश्न रास्त आहे. 2022 साली भोंग्यांवरून महाराष्ट्रात जे राजकारण तापलं, त्यात कुणाच्या कानांची काळजी किती होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सर्वांना सारखेच आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ते डीजेलाही लागू आहेत आणि तिथेही लागू करा, हे आपण मोठ्याने म्हटलं पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही लाउडस्पीकर हा कोणत्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं, म्हणजे ते सर्वच धर्मांना लागू आहे. पण दुसऱ्याचा डीजे कर्कश आहे म्हणून आपली अजान कर्कश असावी, हे कुठलं उत्तर? अजानची बरोबरी आपण डीजेशी का लावून घ्यायची? मे 2021 मध्ये सौदी अरेबियाने मशिदींचे बाहेरचे लाउडस्पीकर अजान आणि इकामतपुरते ठेवण्याचा आणि आवाज यंत्राच्या कमाल क्षमतेच्या एक तृतीयांशापर्यंतच ठेवण्याचा आदेश काढला. तिथे कुणी राजकीय अल्टिमेटम दिला नव्हता.

शिवाय वेळ कळणं हे काम आता घड्याळ आणि मोबाइल करतात. मुंबईत काही मशिदींनी 2025 पासून अॅपवरून अजान ऐकवायला सुरुवात केली. मग अजानचं वेगळेपण कशात उरतं? बोलावणाऱ्या माणसाच्या आवाजात. तुर्कस्तानात पाच वेळच्या अजानसाठी वेगवेगळे मकाम वापरण्याची परंपरा आहे. फजरला सबा, असरला रास्त, मगरिबला सेगाह. जसा आपल्याकडे पहाटेचा राग वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. मुअज्जिनांना ते शिकवलं जातं. आपल्याकडे अजान म्हणजे गाणं नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण गाणं नको याचा अर्थ बेसूर हवं असा होत नाही.

खरा दोष आपल्या खर्चाच्या वहीत आहे. नवा अॅम्प्लिफायर, चार जादा भोंगे यांसाठी वर्गणी झटपट जमते, आणि देणाऱ्याचं नावही पुकारलं जातं. मुअज्जिनचा पगार वाढवायचा म्हटलं की बैठकीत सगळे घड्याळाकडे पाहतात. गावाकडे बांग देणारा मुलाणी बलुत्यावर जगायचा. शहरात त्याच कामाला आपण झाडलोट, टाकी भरणं आणि दिव्यांची बटणं जोडून दिली. त्याला कारीकडे सहा महिने पाठवावं, हे सुचतच नाही.

म्हणून मशिदींच्या कमिट्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. इको बंद करा. माइक ओठांपासून वीतभर लांब ठेवा. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागणार नाही इथपर्यंतच बटण फिरवा. एका दांडग्या भोंग्याऐवजी दोन-तीन लहान, साफ आवाजाचे स्पीकर आपल्या मोहल्ल्याकडे वळवून लावा. मग एका माणसाला गल्लीच्या टोकाला उभं करा आणि विचारा, 'सलाह' आणि 'फलाह' वेगळे ऐकू आले का? आले, तर आवाज पुरेसा आहे. जिथे पाच मशिदी हाकेच्या अंतरावर आहेत तिथे बाहेरची अजान एकीनेच द्यावी, बाकीच्यांनी आत. एकावर एक चढलेल्या पाच अजानांपैकी एकीचाही जवाब धड देता येत नाही.

आणि वाचलेल्या पैशातून मुअज्जिनला शिकवा, त्याला पोट भरेल असा पगार द्या. गिटारवाल्यांनी अॅम्प्लिफायरवर खुशाल खर्च करावा, त्यांचं वाद्यच ते आहे. आपलं वाद्य बिलालच्या (रजि.) वेळेपासून ठरलेलं आहे. ते माणसाच्या गळ्यात आहे, आणि वर्गणी आधी त्यासाठी निघाली पाहिजे.